लक्ष्मीपूजनाच्या आत बाकी चुकती करा

काम पूर्ण करून घेतलंत, नव्या घरात राहायला गेलात आणि शेवटचं बिल मात्र थकवलंत, अशा पुण्या-पिंपरीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा जाहीर इशारा आहे. तो देणारे आम्ही: सुतार, रंगारी, प्लंबर, वायरमन, फरशीवाले, पीओपीवाले, ग्रिल आणि गेट करणारे फॅब्रिकेटर. तुमच्याकडची मागची बाकी येत्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत चुकती करा. एकदम जमत नसेल तर तोवर लेखी कळवा आणि हप्ते बांधून घ्या. या दोन्हीपैकी काहीच केलं नाहीत, तर पाडव्यानंतर आम्ही फोन करणार नाही, गेटवर ताटकळणार नाही, हात जोडणार नाही. जे करायचं ते कागदावर करू. ते काय असेल ते इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे 'आधी सांगायला हवं होतंत' अशी तक्रार नको.

मुदत लक्ष्मीपूजनाची ठेवण्याला कारण आहे. दसऱ्याच्या आधीपासून तुमचे फोन सुरू होतात: दिवाळीच्या आत घर तयार पाहिजे, पाहुणे येणार आहेत. सोसायटीत संध्याकाळनंतर ड्रिल चालवू देत नाहीत, म्हणून आवाजाची कामं दिवसा आणि पॉलिश, टच-अप रात्री, असं करून आम्ही तारीख गाठतो. धनत्रयोदशीला तुमच्या घरात रोषणाई होते. बाकीचा विषय काढला की उत्तर मिळतं, 'दिवाळी होऊ द्या, मग बघू.' दिवाळी होते, संक्रांत होते, होळी येते, आणि ते 'मग' काही उजाडत नाही. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्या पुजतो आणि नवा हिशोब मांडतो. तुमचं नाव जुन्या वहीतून नव्या वहीत ओढत नेणं आम्ही यंदापासून बंद केलं आहे.

हा इशारा कुणाला नाही, तेही स्पष्ट करतो. ज्यांची नोकरी गेली, ज्यांच्या घरात आजारपण निघालं आणि ज्यांनी ते तोंडावर सांगितलं, त्यांना नाही. त्यांच्यासाठी आम्ही आजवर थांबलो, पुढेही थांबू. ज्यांचं कामाच्या दर्जाबद्दल खरं भांडण आहे आणि ज्यांनी ते वेळेवर मांडलं, त्यांनाही नाही. आमच्यातही भामटे आहेत. आगाऊ रक्कम उचलून गायब होणारे, अर्धं काम टाकून दुसरी साईट धरणारे, पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी सांगून कमर्शियल प्लाय ठोकणारे. त्यांची बाजू आम्ही घेत नाही. त्यांना खुशाल ग्राहक आयोगात खेचा; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फीसुद्धा लागत नाही.

इशारा आहे तो ज्यांच्याकडे पैसे आहेत, ज्यांना काम पसंत आहे आणि ज्यांना तरीही द्यायचं नाही, त्यांना.

तुमची रीत आम्हाला आता पाठ झाली आहे. काम चालू असताना तुम्ही फार गोड बोलता. चहा येतो. 'मिस्त्री, मनापासून करा, पैशाची काळजी करू नका.' पहिले हप्ते वेळेवर मिळतात, कारण ते थांबले तर काम थांबेल हे तुम्ही जाणता. शेवटचा हप्ता अडतो, कारण तोवर थांबवण्यासारखं आमच्या हातात काही उरलेलं नसतं. किल्ली तुमच्या खिशात असते, कपाटं तुमच्या भिंतीला बसलेली असतात, नळाला पाणी आलेलं असतं. गरज सरो, वैद्य मरो.

मग सबबी सुरू होतात. साहेब टूरवर आहेत. मॅडमना लॅमिनेटची छटा अंधारी वाटते, जी त्यांनीच कॅटलॉगवर खूण करून निवडली होती. एफडी पुढच्या महिन्यात मोडायची आहे. पितृपक्ष चालू आहे, आत्ता व्यवहार नको. शुक्रवार आहे, लक्ष्मी घराबाहेर देत नाही. तिन्हीसांज झाली, उद्या या. उद्या गेलो की गेटवरचा वॉचमन वर फोन लावतो आणि निरोप देतो, 'घरी कुणी नाही.' व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर उमटत नाही. जरा जोर केला की सूर बदलतो: 'माझा मेहुणा पोलिसात आहे, लक्षात ठेवा.'

सबबींच्या पुढची पायरी आमिषाची. 'माझ्या भावाने तीन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय, ते काम तुम्हालाच देतो, या वेळी जरा सांभाळून घ्या.' भावाचं काम कधी येत नाही, आणि सांभाळून घेतलेली रक्कम कायमची जाते. त्याहून पक्की खेळी 'फुल अँड फायनल'ची. साठ हजार बाकी असतात, तुम्ही पंचवीस हजारांची गड्डी टेबलावर ठेवता आणि म्हणता, हे घ्या, सही करा, विषय संपवा. हे तुम्ही बहुतेक शनिवारी संध्याकाळी करता. शनिवारी आम्हाला कामावरच्या पोरांना खर्ची द्यायची असते, आणि रिकाम्या हाताने साईटवर परतलेल्या ठेकेदाराची काय अवस्था होते, हे तुम्हाला नेमकं माहीत असतं.

सगळ्यांत नीच प्रकार परगावच्या कारागिरांशी होतो. राजस्थानचे सुतार, उत्तर प्रदेश-बिहारचे रंगारी, बंगालचे फरशीवाले होळीला, छठला, ईदला गावी जातात. त्यांच्या गाडीची तारीख विचारून घेऊन तोवर चालढकल करणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. एकदा गाडी सुटली की तो तीन-चार हजारांसाठी हजार-दोन हजार किलोमीटर परत येणार नाही, हा त्यामागचा हिशोब. 'आमच्या शहरात येऊन आम्हालाच पैसे मागतोस?' असंही वर ऐकवलं जातं. कारागीर कुठल्या मुलखाचा आहे यावरून देणं कमी होत नाही. मजुराचे पैसे बुडवणाऱ्याने मराठी अभिमानाचं नाव तोंडाने घेऊ नये.

आता ती शेवटची रक्कम कशाची असते, ते ऐका. समजा, मटेरियलसकट ६ लाखांना फ्लॅटचं फर्निचर ठरलं. त्यात प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल असा साडेतीन लाखांचा माल आला. सुतारांची आणि हेल्परांची मजुरी १ लाख ६० हजार झाली. टेम्पो, हमाली, पाती, फेविकॉल, खिळे, पोरांचं जेवण यात ३० हजार गेले. बेरीज ५ लाख ४० हजार. उरले ६० हजार. दोन महिने साईट सांभाळल्याबद्दल ठेकेदाराच्या घरी जाणारं सगळं उत्पन्न तेवढंच. आणि तुम्ही थकवता तो दहा टक्क्यांचा शेवटचा हप्तासुद्धा तेवढाच. भवानी पेठेतल्या प्लायवाल्याला 'पार्टीने अजून दिले नाहीत' हे कारण चालत नाही. त्याची उधारी तारखेला द्यावी लागते. पोरांची मजुरी थांबवली तर पोरं दुसऱ्या साईटला जातात. आमच्यातल्या जीएसटी भरणाऱ्यांची गत आणखी वाईट. बिल दिलं की कर भरावाच लागतो, तुम्ही पैसे दिलेत की नाही हे सरकार विचारत नाही. म्हणजे तुम्ही न दिलेल्या पैशावरचा करही आम्हीच भरतो.

तुम्हाला ही रक्कम 'शेवटची किरकोळ बाकी' वाटते. मालाचे पैसे दुकानदाराला पोचलेले असतात, मजुरी मजुराला पोचलेली असते, आणि बुडते ती नेमकी ज्याने काम अंगावर घेतलं त्याची भाकरी. पुढच्या वेळी 'राउंड फिगर करा' म्हणताना हा आकडा आठवा.

काम करणाऱ्याचा वाटा ही मेहरबानी मानायची खोड या मातीतली जुनी नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. गावाच्या व्यवहारात सुतार, लोहार, कुंभार यांचं बलुतं कसं बसलेलं होतं, ते त्यात वाचायला मिळतं. बलुतेदारी गेली ते बरंच झालं; तिच्यात जातीची बेडी होती, वाटा कमी देण्याची लबाडीही होती. तरी सुगीला खळ्यावरच्या राशीत सुताराचा हक्क आहे, एवढं गाव नाकारत नव्हतं. बारा-पंधरा मजल्यांच्या इमारतीत राहणाऱ्यांनी तेवढं तरी नाकारू नये.

तुमचा सगळ्यांत लाडका बचाव म्हणजे 'काम नीट झालं नाही.' त्याचा निकाल इथेच लावू. ड्रॉवर घासतो, दार फुगलं, ग्राउट निघालं, भिंतीवर रोलरचे पट्टे दिसतात, बाथरूमचा उतार उलटा पडला. या खऱ्या तक्रारी आहेत आणि त्या दूर करणं आमचं काम आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, नवी पुट्टी भेगाळते, हे आम्हाला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. पण खरी तक्रार दोन गोष्टींवरून ओळखू येते. ती लगेच येते, आणि नेमकी येते: अमुक खोलीतलं अमुक कपाट, अमुक दोष. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही किचन ट्रॉली उघडून दाखवता, फोटो स्टेटसला ठेवता, आणि बिल पाहिल्यावर 'एकंदर फिनिशिंगच बरोबर नाही' म्हणता, तेव्हा ती तक्रार नसते, सवलत मागण्याची वाट असते. शिवाय दोन हजारांच्या दुरुस्तीसाठी साठ हजार अडवून ठेवणं कुठल्या न्यायात बसतं? दोषाएवढी रक्कम बाजूला ठेवा, बाकीची द्या. दुरुस्ती झाली की तीही द्या.

यापुढे आमचा क्रम असा राहील.

एक. काम संपल्यावर तीन दिवसांत अंतिम बिल मिळेल: मोजमापाचा तक्ता, वाढीव कामांची यादी, आधी मिळालेल्या रकमा आणि झालेल्या कामाचे फोटो यांच्यासह. ते कागदावरही मिळेल, फोनवरही.

दोन. पुढच्या सात दिवसांत आम्ही तुमच्यासोबत घरभर फिरू. जे खटकतं ते तुम्ही लिहून द्याल. त्यातलं आमच्याकडून राहिलेलं आम्ही आणखी सात दिवसांत विनामोबदला करून देऊ. तुम्ही नंतर सुचवलेल्या नव्या कामाचे पैसे वेगळे पडतील.

तीन. बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम पसंत पडलं असं धरू. तोंडी कुरकुर मोजली जाणार नाही.

चार. त्यानंतर पैसे आले नाहीत तर स्पीड पोस्टाने नोटीस येईल. नोटिशीची मुदत संपली की प्रकरण दाखल होईल. मधे कुणाची मध्यस्थी, 'साहेबांशी बोलून घेतो', 'एक चान्स द्या' यांना जागा राहणार नाही.

प्रकरण दाखल होईल म्हणजे कुठे? 'या मिस्त्रीला कोर्ट-कचेरी कुठली जमतेय' या भरवशावर तुम्ही निवांत असाल, तर पुढचं नीट वाचा.

आमच्यातल्या अनेकांनी उद्यम नोंदणी केली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात आमच्यासारख्या लहान धंदेवाल्यांसाठी थकबाकीचं स्वतंत्र प्रकरण आहे. मिळालेल्या मालावर किंवा सेवेवर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असं हा कायदा धरतो. पैशाची मुदत लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवसांत, आणि ठरलेली असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक दर साडेपाच टक्के धरला, तरी ते साडेसोळा टक्के होतं. तक्रार या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते आणि ऑनलाइन करता येते. परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे आम्ही जाणून आहोत. पण त्या काळात व्याज आमच्या बाजूने चढत असतं. निर्णय विरुद्ध गेला आणि तो तुम्हाला न्यायालयात उलटवायचा असला, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. काही कामांच्या स्वरूपावरून परिषदेच्या अधिकाराचा वाद उकरता येतो, तो तुम्ही उकराल. उकरा. दिवाणी न्यायालयाचं दार त्यानेही बंद होत नाही.

ऑफिस, क्लिनिक, शोरूम, हॉटेलचं काम करून घेणाऱ्यांनी आपल्या सीएला दोन गोष्टी विचाराव्यात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात केलेल्या बदलामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ठरल्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षापर्यंत वजा मिळत नाही. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. आमचे पैसे दाबून ठेवणं तुम्हाला वाटतं तेवढं स्वस्त पडत नाही.

'चेक देतो' म्हणणाऱ्यांसाठी १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा आहे. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत आम्ही नोटीस देऊ. ती मिळाल्यापासून १५ दिवस तुमचे. त्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होईल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेला 'स्टॉप पेमेंट' सांगून सुटका होते हा समज काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट १९९८ मध्येच बुजवली आहे.

'लेखी करार कुठे आहे?' असं विचारणाऱ्यांनी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० वाचावं. फुकट करायचं नाही अशा हेतूने कुणी तुमच्यासाठी रीतसर काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. तुम्ही पाठवलेली डिझाइनं, 'हा रंग फायनल करा' असे निरोप, यूपीआयने दिलेले पहिले हप्ते, हे सगळं आमच्या फोनमध्ये जपलेलं आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते न्यायालयात पुरावा म्हणून देता येतं. शेवटी लोकअदालत आहेच. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो.

तीन वर्षं टोलवाटोलवी केली की देणं मुदतबाह्य होतं, हे काहींनी वकिलाला विचारून ठेवलं आहे. आम्हीही विचारलं आहे. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी बाकी मान्य केलीत तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून हप्ते बांधून मागणाऱ्याकडून आम्ही आधी बाकी मान्य असल्याचं पत्र घेऊ. ज्यांची मुदत खरोखरच उलटली आहे, त्यांच्यावर दावा चालणार नाही. पण सहीनिशी लेखी वचन दिलं तर तेही देणं करार कायद्याने पुन्हा जिवंत होतं. तसं वचन देणारे सज्जन किती निघतात, ते आम्हालाही बघायचं आहे.

आम्ही काय करणार नाही, हेही जाहीर करतो. बसवलेलं कपाट उखडायला येणार नाही. तुमच्या घरात घुसणार नाही, पाणी तोडणार नाही, वायर कापणार नाही. तुमचं नाव, फोटो, फ्लॅट नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार नाही. वसुलीला माणसं पाठवणार नाही. तुमच्या म्हाताऱ्या आईवडिलांना किंवा मुलांना दारात गाठून काही बोलणार नाही. आमच्यातल्या काहींनी संतापाच्या भरात असं केलं, आणि देणेकरी तुम्ही असताना आरोपी ते झाले. ती संधी तुम्हाला आता मिळणार नाही.

मात्र जे आमच्या ताब्यात आहे ते पैसे मिळाल्याशिवाय जाणार नाही. नव्याने शिवायला दिलेला सोफा, भरायला दिलेली मोटर, पॉलिशला आणलेलं आजोबांचं टेबल. ज्या वस्तूवर कारागिराने आपले कष्ट किंवा कसब घातलं, ती मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १७० देतं. कायद्याने तिथे जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं उदाहरण दिलं आहे. हिऱ्याला जो नियम, तोच तुमच्या टेबलाला. उधारीची मुदत आधी ठरलेली असेल तर हा हक्क राहत नाही, म्हणून 'वस्तू आत्ता न्या, पैसे पुढच्या महिन्यात द्या' हे आम्ही यापुढे कबूल करणार नाही.

आता चार शब्द आमच्याच गड्यांना, तेही तितक्याच कडकपणे. आपण बुडतो यात निम्मा हात आपला आहे. 'साहेब चांगला माणूस वाटतो' म्हणून कागद न करता काम सुरू करायचं आता बंद करा. दरपत्रक लिहून द्या आणि त्यावर सही घ्या. रनिंग फूट की स्क्वेअर फूट, मटेरियलसकट की नुसती मजुरी, प्लाय कोणता, रंगाचे हात किती, सगळं त्यात येऊ द्या. वाढीव काम तोंडी करू नका; 'एवढं एक शेल्फ मारून द्या' म्हणताक्षणी दर फोनवर पाठवा आणि होकार आल्यावरच करवत उचला. हप्ते असे बांधा की शेवटी पाच टक्क्यांहून जास्त उरू नये. रोख घेतलीत तर पावती द्या, म्हणजे हिशोबाला दोन्हीकडे पुरावा राहील. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर होते. ती काम घेण्याआधी करा, पैसे अडकल्यावर नव्हे. थकल्याभागल्या शनिवारी कोणत्याही 'फुल अँड फायनल'वर सही करू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. अर्धवट साईट दाखवायला कुणी बोलावलं, तर आधीचा मिस्त्री का गेला ते विचारा. त्याचा नंबर मागा, त्याला फोन लावा. त्याचे पैसे अडकले असतील तर तो हिशोब मिटेपर्यंत तिथे हत्यार काढू नका. पाच हजार कमी दर सांगून त्याच्या जागी उभे राहाल, तर सहा महिन्यांनी तुमच्या जागी दुसरा उभा असेल. बुडव्या गिऱ्हाइकाला जोर मिळतो तो आपल्यातल्याच अशा घुसणाऱ्यांमुळे. खंडेनवमीला आपण करवत, रंधा, पाना, ड्रिल यांना गंध-फूल वाहतो. यंदा तेव्हाच आपापल्या वह्या उघडा, थकलेल्यांची यादी करा, आणि प्रत्येकाला रक्कम आणि तारीख घातलेलं मागणीपत्र पाठवा. पुढची सगळी कारवाई त्या पत्रापासून मोजली जाईल.

गिऱ्हाइकांनो, तुमच्यातले बहुसंख्य लोक वेळेवर पैसे देतात, पोरांना बक्षीसही देतात, आणि आमचा धंदा त्यांच्याच जिवावर चालतो. बुडवे मोजकेच आहेत, पण त्यांच्यामुळे आम्ही दर वाढवतो, आगाऊ रक्कम वाढवतो, आणि त्याचा भुर्दंड प्रामाणिक माणसाला पडतो. तेव्हा तुमच्या सोसायटीत कुणी फुशारकी मारली की 'मी त्या सुताराला शेवटचे पन्नास दिलेच नाहीत', तर हसू नका. ते पन्नास तुमच्या पुढच्या दरपत्रकात लागलेले असतील.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं, त्यांनी आज रात्री झोपण्याआधी फोनमधली नावं चाळावीत. सुतार मिस्त्री, पेंटर दादा, प्लंबर, ग्रिलवाला, अशी जी नावं सापडतील, त्यांना एकच प्रश्न पाठवा: माझ्याकडे तुमचे किती निघतात? उत्तर येईल तेवढे पैसे त्याच फोनवरून पाठवा. आमच्या बाजूने विषय तिथे संपेल.